स्कॉटिश फुटबॉलमध्ये रेफ्री खरंच सेल्टिक आणि रेंजर्सच्या बाजूने असतात का?

तुमचा प्रश्न असा: चाळीस वर्षं स्कॉटलंडची लीग ग्लासगोतल्या या दोनच क्लबांत फिरत राहिली, तर रेफ्री त्यांना सामील आहेत का, आणि बाकीच्या क्लबांचे चाहते हे का सहन करतात?

आधी सांगून टाकते, मी तटस्थ नाही. मूळची सांगलीची, नोकरीमुळे लॅनार्कशरमध्ये स्थायिक झाले आणि मदरवेल एफसीच्या नादी लागले. फर पार्क या त्यांच्या मैदानाचं सीझन तिकीट आहे, क्लबची मालकी असलेल्या चाहत्यांच्या संस्थेची, वेल सोसायटीची, सभासदही आहे. मॅच ग्लासगोतल्या कुठल्या तरी मोठ्या स्टेडियमवर असली की शेवटच्या दहा मिनिटांत माझंही मत एकच असतं: चोर आहेत सगळे. घरी येऊन चहा प्याल्यावर मात्र ते टिकत नाही. म्हणून चहानंतरचं मत लिहिते.

रेफ्री विकले गेलेले नाहीत. पण सगळी रचनाच अशी आहे की रेफ्रीची चूक झाली तर मोठ्याला खरचटतं आणि लहानाचा पाय मोडतो.

चाळीस वर्षांचा हिशोब बरोबर आहे. १९८५ साली अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या अ‍ॅबर्डीनने लीग जिंकली, आणि त्यानंतर २०२५ पर्यंत प्रत्येक वेळी विजेता एक तर सेल्टिक, नाही तर रेंजर्स. पण गंमत बघा, रेफ्री आपल्या विरुद्ध आहेत अशी सगळ्यात मोठी ओरड याच दोघांच्या चाहत्यांची असते. सेल्टिकवाल्याला विचारा, तो सांगेल की स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन पहिल्यापासून रेंजर्सची. रेंजर्सवाला नेमकं उलट सांगेल. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, असा दोन्हीकडचा कारभार. मागे धर्माचा आणि आयर्लंडचा जुना इतिहास आहे. सेल्टिक हा आयरिश कॅथलिक स्थलांतरितांनी उभा केलेला क्लब, तर रेंजर्सची ओळख प्रॉटेस्टंट आणि ब्रिटनशी एकनिष्ठ. त्यामुळे एखादा फ्री-किक चुकला तरी तो नुसता चुकला असं मानायला कुणी तयार नसतं.

त्यांच्या संशयाला काहीच आधार नाही असंही म्हणता येत नाही. १९९६ मध्ये सेल्टिकने जॉर्ज कडेटे हा पोर्तुगीज स्ट्रायकर घेतला, पण असोसिएशनकडून त्याची नोंदणी वेळेत झाली नाही आणि कपच्या उपांत्य फेरीत रेंजर्सविरुद्ध त्याला खेळता आलं नाही. सेल्टिकने प्रकरण लावून धरलं, आणि १९९९ मध्ये असोसिएशनचे मुख्य अधिकारी जिम फॅरी यांना त्यावरून काढून टाकण्यात आलं. एवढं घडल्यावर सेल्टिकवाल्याच्या डोक्यातून संशय कसा जाईल? दुसरीकडे, डिसेंबर २०२४ ची लीग कपची फायनल आठवा. रेंजर्सच्या खेळाडूचा शर्ट ओढला गेला, ती ओढाओढ पेनल्टी बॉक्समध्येही चालू राहिली, तरी रेफ्रीने फाऊल बॉक्सबाहेरचा दिला आणि व्हीएआरनेही, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रीनेही, पेनल्टी दिली नाही. सामना ३-३ सुटला आणि सेल्टिकने शूटआऊटमध्ये कप नेला. नंतर असोसिएशनने कबूल केलं की ती पेनल्टी द्यायला हवी होती. रेफ्री रेंजर्सचे असते, तर सगळा देश बघत असलेल्या फायनलमध्ये हे झालं नसतं.

संशयाचा कडेलोट २०१० मध्ये झाला. ऑक्टोबरमध्ये डंडी युनायटेड विरुद्ध सेल्टिक सामन्यात रेफ्रीने सेल्टिकला पेनल्टी दिली आणि लगेच फिरवली. फिरवायला हरकत नव्हती, पण का फिरवली याची जी हकिकत त्याने सांगितली ती खरी नव्हती, हे पुढे उघड झालं. मग जे रान पेटलं, त्यात रेफ्रींच्या प्रामाणिकपणावर रोज चिखल उडायला लागला. नोव्हेंबरअखेर स्कॉटलंडच्या वरच्या श्रेणीतल्या रेफ्रींनी चक्क संप केला. त्या शनिवार-रविवारी इस्राएल, माल्टा, लक्झेंबर्ग अशा देशांतून रेफ्री आणून सामने खेळवले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हे रेफ्री संपावर गेले तरी त्यांची पोटाची नोकरी दुसरीकडे शाबूत होती.

कारण इथले रेफ्री अर्धवेळ आहेत, अगदी वरच्या लीगमध्येसुद्धा. सध्या रेफ्रींच्या विभागाचे प्रमुख असलेले विली कोलम मैदानावर होते तेव्हा शाळेत शिक्षक होते. इतर कुणी वकील, कुणी कंपनीत. सोमवार ते शुक्रवार आपलं काम, संध्याकाळी फिटनेस आणि व्हिडिओ, शनिवारी ५०,००० लोकांसमोर शिट्टी. समोरचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या रेफ्रींना पूर्ण पगार मिळू लागला त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. इथे त्यावर चर्चा चालते, परिषदा होतात, आणि पैसे कोण देणार या प्रश्नाशी गाडी थांबते. पैसे क्लबांनी द्यायचे असतात, आणि क्लब म्हणजे शेवटी आम्हीच. रेफ्रीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या किती जणांना आपल्या क्लबने यासाठी एक बॅकअप लेफ्ट-बॅक कमी घेतलेला चालेल? मी आमच्या स्टँडमध्ये हा विषय काढून पाहिला आहे. लोक पाय बघायला लागतात.

आता आवाजाचं. सेल्टिक पार्कवर सुमारे ६०,००० माणसं बसतात, रेंजर्सच्या आयब्रॉक्सवर सुमारे ५०,०००. फर पार्क पूर्ण भरलं तरी १४,००० च्या आत, आणि ते भरतं ते या दोघांपैकी कुणी आलं की, म्हणजे त्यातलाही मोठा भाग त्यांचाच. एका टोकाचा स्टँड पाहुण्यांना दिलेला असतो आणि तिथून जो कल्लोळ येतो त्यात आपण घरी आहोत की पाहुणे हे कळत नाही. रेफ्री माणूस आहे. करोनाच्या काळात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या कार्डांचं प्रमाण घटलं, असं युरोपातल्या अनेक अभ्यासांत दिसलं. खेळाडू तेच होते आणि नियमही तेच, फक्त ओरडणारे नव्हते. म्हणजे निर्णय झुकतात, पण त्यासाठी कुणी पाकीट द्यावं लागत नाही. ५०,००० घसे पुरतात. आणि हे घसे लीगमध्ये दोघांकडेच आहेत.

मग लोक म्हणाले, व्हीएआर आणा, कॅमेऱ्याला काही ऐकू येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ४२ क्लबांनी मतदान केलं, ४१ बाजूने, १ विरुद्ध. म्हणजे हे संकट आमच्यावर कुणी लादलेलं नाही, ते आम्ही हात वर करून मागून घेतलं आहे. २१ ऑक्टोबर २०२२ ला हिब्स (एडिनबराचा हिबर्नियन क्लब) विरुद्ध सेंट जॉन्स्टन या सामन्यापासून, मोसम अर्धवट झालेला असताना, ते सुरू झालं. खर्च वरच्या लीगचे १२ क्लब आपापल्या क्रमांकानुसार वाटून घेतात.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगते: डीआरएसमध्ये जसा ‘अंपायर्स कॉल’ असतो, तशी इथे ‘स्पष्ट आणि ढळढळीत चूक’ ही अट आहे. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, या चारच बाबतींत पडद्यामागचा रेफ्री मध्ये पडू शकतो. पण डीआरएसमध्ये चेंडू यष्टीला किती लागतोय याचा आकडा तरी समोर येतो. इथे ‘ढळढळीत’ कशाला म्हणायचं हे ग्लासगोतल्या एका खोलीत बसलेल्या माणसाच्या मनावर असतं, आणि तोही त्याच अर्धवेळ रेफ्रींपैकी एक. पहिल्या मोसमात तर चेंडू नखाला लागला तरी पेनल्टी, अशी हँडबॉलची साथच आली होती.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती फारशी कुणी मांडत नाही. ती कॅमेऱ्यांची आहे. स्कॉटलंडने घेतलं ते स्वस्तातलं व्हीएआर. साध्या सामन्याला सहाच्या आसपास कॅमेरे असतात. टीव्हीवर थेट दाखवला जाणारा सामना असेल तर वाहिनीचे जास्तीचे कॅमेरे आपोआप येतात. आता थेट दाखवले जाणारे सामने बहुतेक कुणाचे, हे सांगायला नको. म्हणजे नियम सगळ्यांना एक, पण पुरावा मात्र ज्याचा त्याच्या ऐपतीप्रमाणे. सेल्टिकच्या बॉक्समध्ये कुणी कुणाचा पाय ओढला तर तो चार बाजूंनी दिसतो. मदरवेल विरुद्ध रॉस काउंटी, पावसातल्या शनिवारी, कोपऱ्यात घोळक्यात काय झालं? एका कोनातून दिसतं, त्यातही मध्ये कुणाची तरी पाठ असते. मग ‘ढळढळीत नाही’ असं म्हणून मूळ निर्णय कायम. हा पक्षपात नाही, पण त्याचा परिणाम पक्षपातासारखाच होतो.

गोललाइन तंत्रज्ञानही इथल्या लीगने घेतलेलं नाही. २०१३ मध्ये एडिनबरा डर्बीत हिब्सच्या ली ग्रिफिथ्सची फ्री-किक बारला लागून गोलरेषेच्या चांगली आत पडली होती, बाहेरच्या चहावाल्यालाही दिसली असेल. गोल दिला नाही, सामना ०-० सुटला. त्यानंतरही पैसे काढावेत असं क्लबांना वाटलं नाही.

आणि स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाची अवस्था तर विचारूच नका. गोल होतो, मी उडी मारते, शेजारचे आजोबा मिठी मारतात. ते रेव्हन्सक्रेगच्या पोलाद कारखान्यात होते, १९९२ मध्ये तो बंद पडला तेव्हा या गावाचा कणाच गेला. गावात उरलेली प्लेट मिल काही वर्षं आपल्या टाटा स्टीलकडे होती, २०१६ मध्ये त्यांनी ती विकली. आजोबांना मी मुंबईची नाही हे कितीदा सांगितलं तरी त्या व्यवहाराचं स्पष्टीकरण ते माझ्याकडूनच मागतात. असो. तर मिठी मारून झाली की रेफ्री कानाला हात लावून उभा. तीन मिनिटं, चार मिनिटं. काय तपासतायत हे कुणी सांगत नाही. हवा गारठलेली, हातातली पाय (सारण भरलेली, खायची) थंड. मग हात हलतो आणि गोल रद्द. का रद्द झाला ते मला घरी जाऊन मोबाइलवर कळतं. जो माणूस पैसे देऊन मैदानात आला त्याला सगळ्यात कमी माहिती.

एक सुधारणा मात्र मनापासून मान्य करते. कोलम २०२४ मध्ये प्रमुख झाल्यापासून असोसिएशन वादग्रस्त निर्णयांचे व्हिडिओ रेफ्रींच्या संभाषणासकट दाखवतं आणि चूक झाली असेल तर ‘चूक झाली’ असं तोंडाने म्हणतं. आधी हे सगळं बंद दाराआड असायचं. संभाषण ऐकलं की कटकारस्थानाचा संशय बराच निवळतो. घाईत, घाबरलेल्या आवाजात, एकमेकांचं बोलणं तोडत निर्णय घेणारी माणसं ऐकू येतात. कट करायला लागतो तेवढा निवांतपणा त्यात कुठेच सापडत नाही.

आता पाय मोडण्याचं म्हटलं ते समजावते. इथे १२ संघांची लीग ३३ सामन्यांनंतर दुभंगते: वरचे सहा आपापसांत, खालचे सहा आपापसांत, आणखी पाच-पाच सामने. सहाव्या आणि सातव्या क्रमांकात कधी कधी एखाद-दोन गुणांचा फरक असतो. पण सहावा आलात तर सेल्टिक-रेंजर्सशी आणखी सामने, त्यातला एखादा घरच्या मैदानावर, म्हणजे भरलेलं स्टेडियम आणि टीव्ही. वर क्रमांकानुसार बक्षिसाची रक्कमही जास्त. सातवा आलात की उरलेला मोसम खालून कोण घसरतंय त्या धास्तीत. सेल्टिकला एखादी चुकीची पेनल्टी भोवली तर ते पुढच्या आठवड्यात चार गोल मारून भरपाई करतात. आमची एक पेनल्टी गेली तर कधी कधी त्यात एका खेळाडूचा वर्षाचा पगार जातो.

म्हणून मला वाटतं, शिट्टीवरून भांडण्यापेक्षा तिजोरीवरून भांडावं. पूर्वी स्कॉटलंडमध्ये तिकिटाचं उत्पन्न यजमान आणि पाहुणे वाटून घेत. १९८० च्या दशकापासून घरचा गल्ला घरच्याच क्लबचा झाला. ६०,००० चं स्टेडियम असलेल्याला त्याचा काय फायदा झाला हे वेगळं सांगायला नको. पुढे १९९८ पासूनच्या स्कॉटिश प्रीमियर लीगमध्ये महत्त्वाचे निर्णय ११-१ बहुमतानेच घेता येत. १२ पैकी दोघांनी हात आखडला की ठराव पडला. ते दोघे कोण, ओळखा. बळी तो कान पिळी हे घटनेतच लिहून ठेवलं होतं. रेफ्रीच्या एका चुकीवर रेडिओवर तासभर बोलणारे लोक या ११-१ वर वर्षानुवर्षं गप्प होते.

लहान क्लबांचे चाहते हे सहन का करतात, असं तुम्ही विचारलंत. नेहमी करत नाहीत. २०१२ मध्ये रेंजर्स चालवणारी कंपनी करथकबाकीत बुडाली आणि नव्या कंपनीला थेट वरच्या लीगमध्ये जागा द्यायची का, असा प्रश्न आला. वरच्या कार्यालयांतून सांगितलं जात होतं की रेंजर्स नसतील तर टीव्हीचा पैसा आटेल, सगळे बुडाल. लहान क्लबांच्या चाहत्यांनी आपापल्या अध्यक्षांना निरोप धाडले: होय म्हणालात तर सीझन तिकीट घेणार नाही. आमच्या क्लबने मत देण्याआधी चाहत्यांचा कौल घेतला. ४ जुलैला मतदान झालं, १० विरुद्ध, एकटे रेंजर्स बाजूने, एक क्लब तटस्थ. मग खालच्या लीगच्या क्लबांनीही २५-५ ने ठरवलं की सुरुवात चौथ्या पायरीवरून करा. कुणी बुडालं नाही. तीन वर्षांनी वर येण्याच्या प्ले-ऑफमध्ये रेंजर्सची गाठ आमच्याशीच पडली आणि दोन सामन्यांत मिळून ६-१ ने आम्ही त्यांना परत पाठवलं. त्या दोन सामन्यांतल्या रेफ्रींबद्दल माझी काही तक्रार नाही.

क्लबच्या कारभाराचं म्हणाल तर २०१६ पासून मदरवेलची बहुसंख्य मालकी वेल सोसायटीकडे आहे, म्हणजे दरमहा थोडे थोडे पौंड देणाऱ्या माझ्यासारख्यांकडे. २०२४ मध्ये एरिक बार्मॅक नावाचे नेटफ्लिक्सचे माजी अधिकारी गुंतवणुकीचा प्रस्ताव घेऊन आले. सहा वर्षांत मिळून सुमारे १९.५ लाख पौंड द्यायचे, आणि त्या बदल्यात ४९ टक्के हिस्सा. सोसायटीचा हिस्सा निम्म्याच्या खाली गेला असता. क्लबच्या मंडळाचा कल होकाराकडे, सोसायटीच्या मंडळाचा नकाराकडे. घराघरांत वाद झाले. जुने लोक म्हणत, पैसा नाही तर क्लब नाही, २००२ आठवा. तेव्हा क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला होता आणि खेळाडूंना एका फटक्यात नारळ दिला होता. मी विरोधात मत दिलं. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. सहा वर्षांत विभागलेल्या त्या रकमेत एखादा बरा स्ट्रायकर येतो आणि जातो, पण गेलेलं बहुमत परत येत नाही. जुलैमध्ये सभासदांनी प्रस्ताव फेटाळला.

मालक झाल्यापासून एक बदल जाणवतो. पूर्वी सामना हरलो की खापर रेफ्रीवर फोडून मोकळे व्हायचो. आता वार्षिक सभेत हिशोब समोर येतात, आणि व्हीएआरचं बिल कुणी मंजूर केलं, पूर्णवेळ रेफ्रीसाठी आपला क्लब काय भूमिका घेणार, हे विचारायची जागा आपल्यालाच असते. विचारलं की उत्तर गुळमुळीत मिळतं, पण सभेच्या वृत्तांतात ते लिहिलं जातं.

शेवटी एक गोष्ट, कारण मदरवेलवाले ती सहसा सांगत नाहीत. २००२-०३ च्या मोसमात आम्ही लीगमध्ये तळाला होतो. नियमाने खाली जायला हवं होतं. खालून फॉल्कर्क पहिले येऊन वर येणार होते. पण वरच्या लीगला १०,००० आसनांचं स्टेडियम लागायचं, त्यांचं ब्रॉकव्हिल त्यात बसत नव्हतं, आणि एअरड्रीच्या मैदानावर भाड्याने खेळण्याची त्यांची विनंती क्लबांनी मान्य केली नाही. फॉल्कर्क खाली राहिले, आम्ही वर. १९८५ पासून आम्ही वरच्या लीगमधून एकदाही घसरलो नाही असं जे छाती फुगवून सांगतो, त्यातली ही एक आतली शिवण आहे. तिथे कुठलाही रेफ्री नव्हता. टेबलाभोवती बसलेले क्लब होते आणि एक नियम होता. २०२५ मध्ये फॉल्कर्क पंधरा वर्षांनी पुन्हा वर आले. त्यांच्या चाहत्यांशी मी हवामानावर बोलते, व्हीएआरवर बोलते, पण कोणावर अन्याय झाला हा विषय काढत नाही.